पापलेट नाय

आधीच माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच असतील. जन्मभर मोठ्याने बोलण्याचं काम केलं, लिहिण्याचा प्रसंग कधी आला नाही. मी एक भोंगा आहे. ॲल्युमिनियमचा, राखाडी रंगाचा, तोंडाने मोठा आणि डोक्याने रिकामा. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

माझी पहिली नोकरी पनवेलच्या एसटी स्टँडमागे, काळूरामच्या मंडप-साउंडच्या दुकानात. तिथे मी कुणाचाही व्हायचो. सकाळी रक्तदान शिबिराचा, दुपारी साड्यांच्या सेलचा, संध्याकाळी निवडणुकीतल्या उमेदवाराचा. एकाच आठवड्यात दोन विरोधी पक्षांचा प्रचार मी सारख्याच तळमळीने केला आहे. लाज वाटली नाही. भोंग्याला स्वतःचं मत असलं तर त्याला भाड्याने नेणार कोण?

दोन हजार दहाच्या सुमारास काळूरामकडे नवे, उंच स्पीकर आले आणि त्याने मला गव्हाणच्या प्रणितला विकून टाकलं.

प्रणित कोळ्याचा मुलगा. शाळा आठवीत सुटलेली. त्याची आई सोनाबाई डोक्यावर पाटी घेऊन नवीन पनवेलच्या एका कॉलनीत म्हावरं विकायची. तिची हाक चौथ्या मजल्यावरच्या बंद खिडकीतून आत जायची. लहानपणी प्रणित तिचा पदर धरून मागे मागे फिरला, म्हणून कॉलनीत त्याचं नाव 'सोनाबाईचा' एवढंच. पुढे तिची कंबर धरली आणि धंदा त्याच्यावर आला. मोटारसायकल होती, मागे बर्फाची पेटी होती. आवाज तेवढा नव्हता. पहिल्या दिवशी बिल्डिंगखाली उभा राहून तो काहीतरी ओरडला, ते त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचलं.

म्हणून मी.

आधी त्याने आईची हाक माझ्यात भरली. ती ऐकून बायका आनंदाने खाली यायच्या आणि बघायच्या तर मिशीवाला माणूस. "अगंबाई, सोनाबाई कुठाय?" प्रणित खाली बघून पेटी उघडायचा. आणखी एक खोड त्याला होती. कुणी विचारलं, "ताजं आहे ना रे?" की हा म्हणायचा, "कालचं हाय." दुसरा कोणी कोळी असं मरेपर्यंत बोलणार नाही.

मग त्याचं लग्न झालं. बायको कोमल चांगली शिकलेली. तिचा भाऊ शैलेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात कामाला. वाशीला कुठल्यातरी व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला जाऊन आल्यापासून तो कुणाशीही हात कमरेवर ठेवून बोलायचा.

"दाजी, आईच्या आवाजावर किती दिवस जगणार? माणसाचा स्वतःचा ब्रँड पाहिजे!"

"माझा कसला ब्रँड?"

"तेच तर. नाहीये. आपण बनवू."

बनवला. मोटारसायकलवर 'प्रणित सी-फ्रेश' असं निळ्या अक्षरात आलं. माझ्यात मेमरी कार्ड आलं आणि कार्डात नाटकाच्या जाहिरातीतल्यासारखा भारदस्त आवाज. "पापलेट! सुरमई! रावस! हलवा! समुद्रातून थेट आपल्या ताटात!" खरं सांगतो, मी फुगून गेलो. इतकं चांगलं मराठी माझ्या तोंडी कधी आलं नव्हतं. पेटीत काय आहे ते बघणं माझं काम नव्हतं. त्यात बहुतेक वेळा बोंबील आणि मांदेली असायची.

तिसऱ्या दिवशी बायका भडकल्या. पहिल्या मजल्यावरच्या दमयंतीकाकू तर पातेलं घेऊनच उतरल्या. "कुठाय हलवा? दाखव!"

"त्ये रेकॉर्डिंग हाय, काकू."

"मग रेकॉर्डिंगच तळू का?"

तरीही चाललं असतं. मोडलं ते गुरुवारी. गुरुवारी कॉलनीत म्हावरं कुणी घेत नाही. पण चौथ्या मजल्यावर हॅनाबाय राहतात, पनवेलच्या जुन्या इस्रायली, म्हणजे ज्यू घरातल्या. एकट्याच. त्यांना वार नाही, पण खवलं नसलेली मासळी चालत नाही, कोळंबी-खेकडे तर नाहीच. सोनाबाई दर गुरुवारी फक्त त्यांच्यासाठी कॉलनीत यायची आणि खवल्याचं काही नसलं तर खालूनच सांगायची, "हॅनाबाय, आज तुमचं नाय, बसा वर."

त्या गुरुवारी मी खाली उभा राहून रावस-पापलेट गर्जत होतो. हॅनाबाय कठडा धरत, प्रत्येक मजल्यावर थांबत उतरल्या. पेटीत कोळंबी आणि शिंगाळी. दोन्ही त्यांना न चालणारी.

"माझा भाऊ रुबेन आलाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "अकरा वर्षांनी. उद्या शुक्रवार, रात्री सगळे जेवायला आहेत. तुझ्या भरवशावर बाजारात गेले नाही रे."

प्रणितने पेटीचं झाकण लावलं. मी मात्र त्यांच्या तोंडावर ओरडत राहिलो, "थेट आपल्या ताटात!"

"तुझी आई मला एक पायरी उतरू द्यायची नाही," हॅनाबाय म्हणाल्या. "पुढच्या वेळेपासून नको येऊस."

गॅलऱ्यांत बायका ऐकत होत्या. हॅनाबाय तुटल्या तर कॉलनीच तुटणार, हे प्रणितला कळत होतं.

घरी सोनाबाईने सगळं ऐकून घेतलं. "पापलेट हाय, असं कोन बोल्ला? तू?"

"भोंगा."

"भोंग्याला हॅनाबाय ठावं हायत?"

मला फार लागलं ते.

"मंग आये, पुन्ना तुजीच हाक लावू?"

"माजी कशाला? पेटीत काय हाय ते माज्या हाकेला तरी काय ठावं? तुला जसं बोलता येतं तसं बोल."

वाचकहो, तुमच्याही घरी कुणी ब्रँड बनवायला आलं, तर एक विनंती आहे. तो माझ्यासारख्याच्या तोंडी देऊ नका. मी काहीही बोलतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रणित खाडीवर गेला आणि जाळं काढणाऱ्यांच्या मागे लागून बोय मासळी घेऊन आला. कॉलनीत पोचल्यावर त्याने माझं कार्ड उपटलं, माईक जोडला आणि घसा साफ केला. ते खाकरणंच आधी सगळ्या कॉलनीने ऐकलं.

"मी प्रणित. पापलेट नाय. सुरमई नाय. हलवा कवाच नव्हता." मग त्याने पेटीचं झाकण उघडलं. "बोय हाय. आजची हाय, खवल्याची हाय. हॅनाबाय, उतरू नका. मी वर येतो."

माईक सीटवर ठेवून तो मासळी घेऊन जिन्याकडे पळाला. बटण बंद करायचं राहिलं. मी कशाला आठवण करून देऊ?

तेवढ्यात दमयंतीकाकू पिशवी घेऊन मोटारसायकलजवळ आल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "पोरगा खरं बोलतो हो. पण चेहरा कसा, मासा ह्यानेच बुडवून मारल्यासारखा!"

मी ते जसंच्या तसं चार बिल्डिंगींना ऐकवलं.

गॅलऱ्या हसू लागल्या. चौथ्या मजल्यावर हॅनाबायही हसत बाहेर आल्या, हातात बोय. त्यांच्या मागून प्रणित. मला वाटलं, आता हा जिन्यातच लपून बसणार. पण तो खाली आला, कानापर्यंत लाल झालेला, आणि त्याने माईक उचलला.

"दमयंतीकाकू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बोय राह्यली हाय. चेहऱ्यासकट देऊ, का डोकं काढून?"