गोजाबाईच्या माळ्यावरचा आंबेमोहर

दिवेलागण झाली की महाळुंग्याचं निम्मं गाव हातात बाजरीची भाकरी घेऊन गोजाबाईच्या दारात बसायचं. कालवण कुणीच आणत नसे. माळ्यावरून भाताचा वास सुटायचा आणि त्या वासाशी लोक भाकरी खायचे. साधासुधा भात नव्हे, नुकता चुलीवरून उतरवलेला आंबेमोहर. आमच्याकडे भात म्हणजे लग्नाचा, नाहीतर तेराव्याचा. मुळशीकडच्या पाहुण्यानं पायलीभर आंबेमोहर आणला तर आळीत आठवडाभर त्याचीच चर्चा. असा वास रोज फुकट मिळतोय म्हटल्यावर माणसं येणारच. कोंडाजी सुतार तर शपथेवर सांगायचा की मंगळवारी वर तूपही पडतं.

माळ्यावर साक्षात अन्नपूर्णा रांधते, हा शोध सुवासानंद महाराजांचा. हे गृहस्थ १९५४च्या फाल्गुनात कासारवाडी स्टेशनावर उतरून पायी चाकणकडे निघाले होते. वाटेत एका रात्रीपुरते गोजाबाईच्या पडवीत टेकले, ते दोन महिने उठलेच नाहीत. रोज संध्याकाळी त्यांचं प्रवचन होई. “भक्तहो, भात कच्चा असेल तर माणूस पक्का होत नाही, आणि माणूस पक्का झाला की त्याला भात लागत नाही.” याचा अर्थ कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांच्या तोंडात भाकरी असे.

माळ्याच्या फळ्यांच्या फटीतून अधूनमधून काळसर, बियांनी गच्च भरलेल्या वड्या खाली पडत. महाराज म्हणत, ही देवीच्या पातेल्याची खरवड. लोक त्यांना हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवत. अर्जुनराव पाटलांनी तर गुडघेदुखीवर दोन खाल्ल्या होत्या आणि गुण आला म्हणून सांगत होते.

मी इथल्या शाळेचा मास्तर. एकदा मी भर सभेत विचारलं की भात शिजतो तर धूर कुठाय. महाराज मायेनं हसले. धूर माणसाच्या चुलीला असतो, म्हणाले, आणि वास येतो की नाही तेवढं सांगा. खोटं कशाला बोलू, येत होता. तोंडाला पाणीही सुटलं होतं. मी उठून घरी आलो आणि त्या दिवसापासून गावात माझी किंमत आणखी उतरली. तशी ती फारशी नव्हतीच, कारण मी जनावरांची वही ठेवतो हे सगळ्यांना माहीत होतं. भादव्यात भुईमूग उकरणारं साळिंदर, मार्गशीर्षात हरभऱ्यातले ससे, माघात भामचंद्राच्या डोंगराखाली उन्हाला बसलेलं खोकड, चैत्रात ओढ्याच्या डबक्यावर आलेला लांडगा. कुणी पाहिलं, कुठं पाहिलं, सगळं त्यात लिहिलेलं. आणि त्यातल्या निम्म्या नोंदी खुद्द गोजाबाईनं सांगितलेल्या, कारण शेळ्यांमागं रान तिच्याइतकं कुणीच तुडवलं नव्हतं.

या बाईला मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. दोन खणांचं कौलारू घर आणि चार शेळ्या, एवढाच तिचा संसार. महाराजांनी पहिल्याच आठवड्यात तिची चूल बंद केली. वर देवी रांधत असताना खाली माणसानं रांधणं म्हणजे पाप, असं त्यांचं शास्त्र. तेव्हापासून गोजाबाई दारातल्या उंबराखाली तीन दगड मांडून भाकरी थापायची. आणि आता अक्षय तृतीयेला घरच महाराजांच्या मठाला लिहून द्यायचं ठरलं होतं. कागद पाटलांनी तयार करून आणला होता. बाईनं नाही म्हणायची सोय नव्हती. देवीला घराबाहेर काढणारी म्हणून गावानं तिला पाण्यालाही उभं केलं नसतं. मला या गोष्टीचा इतका राग यायचा की फळ्यावर खडू मोडायचा.

आदल्या दिवशी दुपारी ती शाळेत आली.

“मास्तर, उद्या अंगठा देते. तुमच्या वहीत मांडून ठिवा, या घरात गोजा तीस वरसं ऱ्हायली म्हनून.”

वहीत माणसांना जागा नव्हती, पण तिला नाही कसं म्हणणार? कोरं पान शोधता शोधता गेल्या वर्षीचा फाल्गुन उघडला. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘उदमांजर. उंबरावरून कौलावर गेलं. सांगणार गोजाबाई.’ मी तिला वाचून दाखवलं.

“व्हय, मांजरापरीस लांबडं, काळं. रातचं हिंडतं,” ती म्हणाली.

“खातं काय?”

“उंबरं, करवंदं. केळी तर त्येच्या जिवाची.”

महाराजांनी देवीला रोज सहा केळ्यांचा नैवेद्य लावला होता. सकाळी केळी गायब असत, आणि तोही चमत्कारच होता.

“आणि भितं कशाला?”

“कुत्र्याला,” ती म्हणाली आणि थांबली. महाराजांनी आळीतली कुत्री हाकलायला लावली होती. मग ती हळूच म्हणाली, “अन् उजेडाला.” माळ्यावर दिवा न्यायचा नाही, शिडी लावायची नाही, हाही महाराजांचाच नियम.

मी विचारलं, त्याला वास कसला येतो. ते तिला ठाऊक नव्हतं. उदमांजराच्या इतक्या जवळ कोण कशाला जाईल?

अक्षय तृतीयेला भर दुपारी सगळं गाव जमलं. गोजाबाईचा अंगठा शाईत बुडाला, तेवढ्यात मी पाटलांना म्हणालो, कागदात घर देवीच्या ताब्यात आहे असं लिहिलंय. तुम्ही पंच. ताबा कुणाचा आहे ते डोळ्यांनी न बघता सही कशी करता? माझ्या बाकी बोलण्याला पाटलांनी भीक घातली नसती, पण पंच म्हटलं की त्यांचा ऊर भरून यायचा. देवी दिवसा निजते, असं महाराज घाईनं म्हणाले. मग हळू चढा, मी म्हणालो.

कोंडाजीनं शिडी लावली. पाटलांनी चार कौलं काढली, माळ्यावर ऊन पडलं आणि त्यांनी आत डोकं घातलं. खाली लोक हात जोडून उभे होते. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

“मास्तर, देवीला शेपूट हाय.” मग थोड्या वेळानं, “आन् दोन पोरं बी हायती.”

पुढं नेमकं काय झालं ते फक्त पाटलांना माहीत. उदमांजर घाबरलं आणि आपल्या पिल्लांसाठी त्याला जे करता येतं ते त्यानं केलं. पाटील खाली उतरले तेव्हा त्यांचा फेटा निथळत होता, आणि सबंध आळीत आंबेमोहर दरवळत होता. कोंडाजीनं जवळ जाऊन फेटा हुंगला.

“त्योच,” तो म्हणाला.

“तूप बी हाय का?” मागून कुणीतरी विचारलं.

मी सगळं फोडून सांगितलं. उदमांजर अंधार पडताच जागं होतं आणि आपल्या जागेवर मुतून खूण करतं. त्या मुताला आंबेमोहरसारखा वास येतो. खरवड म्हणजे त्याची विष्ठा आणि त्यातल्या बिया उंबराच्या, करवंदाच्या. एवढं ऐकल्यावर पाटील घाईनं घरामागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. सगळ्यांच्या माना कौलांकडं वळल्या होत्या तेव्हा महाराज केळ्यांची फणी घेऊन सटकले. वेशीपर्यंत त्यांना हाकललेल्या कुत्र्यांनी पोहोचवलं.

लोक खजील झाले होते. त्यांना मी तेव्हा जे म्हणालो तेच तुम्हालाही सांगतो. तुमची नाकं खोटी नव्हती, वासही खोटा नव्हता. चुकलं एवढंच की दोन महिने कुणी चार कौलं काढून बघितली नाहीत, आणि बघू नका म्हणणारा माणूस का बघू देत नाही, हे कुणी विचारलं नाही. न दिसणाऱ्या देवीसाठी आपण दिसणाऱ्या बाईची चूल विझवली. पुन्हा कुणी असा वास दाखवला तर भाकरी खाली ठेवा आणि आधी शिडी आणा.

“आता कौलं नीट बसवा,” गोजाबाई कोंडाजीला म्हणाली. “वर बाळंतीन हाय.”

मग तिनं उंबराखालचे तीन दगड ढकलून दिले, आत जाऊन चूल पेटवली आणि धूर दिसायला लागल्यावर बाहेर आली. कागदाजवळच्या शाईत तिनं पुन्हा अंगठा बुडवला. तिनं माझी वही मागितली. मी त्या दिवसाची नोंद केली होती: ‘वैशाख. उदमांजर, मादी, दोन पिल्लं. मुक्काम गोजाबाईच्या घरी.’ तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं, ‘गोजाबाईच्या घरी’ कुठं लिहिलंय ते बोटानं दाखवायला सांगितलं, आणि बरोबर त्याच्यावर अंगठा दाबला.