चष्म्याच्या घरातली चिठ्ठी

मित्रांनो, मला घर म्हणतात, पण माझ्यात एका चष्म्यापुरतीच जागा आहे. मी चष्म्याचे घर आहे. जुने, पत्र्याचे, वरून काळे आणि आतून लाल मखमलीचे. आता माझा खटका सैल झाला आहे. माझ्यात एक चष्मा आहे आणि त्याच्याखाली घडी घातलेली एक चिठ्ठी. ती चिठ्ठी इथेच का राहिली, तेवढेच मला सांगायचे आहे.

पुण्यातल्या एका लहान कारखान्यात पत्रा साच्यात दाबून मला घडवले. मखमल एका बाईने हाताने चिकटवली. तिच्या बोटाचा डिंकाळ डाग अजून माझ्या कोपऱ्यात आहे. सुमित्राबाईंनी मला विकत घेतले आणि त्यांचे यजमान सूर्यकांतराव यांची केंद्र सरकारात बदली झाली तेव्हा मीही दिल्लीला आले. सरकारी क्वार्टरमध्ये रोज दुपारी मी खट् करून उघडत असे. टपालाने दोन दिवस उशिरा आलेले पुण्याचे वर्तमानपत्र सुमित्राबाई मोठ्याने वाचत आणि शेजारच्या शालिनीताई मटार सोलत ऐकत. ‘इथल्या प्लास्टिकच्या केसेस दोन महिन्यांत मोडतात, हे बघा कसं टिकलंय,’ असे माझे कौतुकही होई. ते माझे चांगले दिवस होते.

शहाण्णव साली त्यांनी नोएडाच्या एका सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. लिफ्ट होती, बाल्कनी होती, समोर नव्या इमारतींची धूळ होती. मुलगी केतकी कॉम्प्युटरच्या एका नव्या कंपनीत लागली. शालिनीताई दोन बस बदलण्याइतक्या लांब गेल्या. हळूहळू वर्तमानपत्राच्या घड्या उलगडेनाशा झाल्या. सुमित्राबाई मला मांडीवर घेऊन बसत आणि उघडत नसत. ताटातला भात तसाच फ्रिजमध्ये जाई. केस आठ-आठ दिवस विंचरलेले नसत.

शेवटी सूर्यकांतराव त्यांना दिल्लीतल्या मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या लगेच सुरू करा, जोडीला कोणाशी तरी नियमित बोलणेही ठेवा, असे ते म्हणाले. घरी येईपर्यंत त्या ‘जोडीला’चे ‘किंवा’ झाले होते. सूर्यकांतरावांना भीती की गोळ्यांची सवय लागेल, आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत खात्यातले कोणीतरी चिठ्ठी वाचेल. केतकीने बरेच वाचले होते. तिचे म्हणणे, गोळ्यांनी माणूस नुसता बधिर होतो, बोलण्याने मुळाशी जाता येते. दोघांचे पहिल्यांदाच एकमत झाले. सुमित्राबाईंना कोणी विचारले नाही. त्यांनी चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि ती माझ्यात ठेवली.

नोएडातच एक समुपदेशक बाई होत्या. सुमित्राबाईंचे हिंदी भाजीवाल्यापुरते; मनातले त्यात मावत नसे. म्हणून केतकी दुभाषी म्हणून शेजारी बसली. मी पर्समध्ये होते आणि पर्स उघडी होती.

बाईंनी विचारले, नेमके काय होते? सुमित्राबाईंनी शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाल्या, “केतकी, त्यांना सांग, मला सगळ्याचा उबग आलाय.”

केतकी दिल्लीत वाढली होती. हा शब्द तिने घरात कधी ऐकला नव्हता. हिंदीतला जवळचा, कंटाळ्याचा शब्द मात्र तिच्या जिभेवर होता. ती म्हणाली, “मम्मी सब चीज़ों से ऊब गई हैं.”

“बस ऊब? या जीने का मन नहीं करता? ठीक से पूछ लो, फिर दवा टालना ठीक नहीं होगा.”

केतकीने आईकडे पाहिले. तो प्रश्न तिला मराठीत विचारवेना. “ऊबच ना गं, आई?”

सुमित्राबाई किंचित हसल्या. “ऊब असती तर शाल कशाला पांघरली असती?”

बाईंना हसू दिसले. त्यांनी ते लिहून घेतले. मुलगी नोकरीला लागली की आयांना रिकामेपण येते, त्या म्हणाल्या. बागेत फिरा, काही शिका. औषधाची घाई नको.

मित्रांनो, मला तो शब्द ठाऊक होता. मी पुण्याचे आहे. मला तोंडही आहे, आणि ते उघडतेही, पण त्यातून फक्त खटक्याचा आवाज येतो.

आठ आठवडे त्या तिथे गेल्या. केतकी विचारी, बरं वाटतं का? त्या ‘हो’ म्हणत. जेवण चहा-बिस्किटावर आले, मग नुसत्या चहावर. जानेवारीत धुके पडले आणि छातीत कफ झाला. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, झगडायला अंगात काही उरलेलेच नाही. चौथ्या दिवशी चष्मा माझ्यात ठेवला गेला, तो पुन्हा निघाला नाही.

तेराव्याला शालिनीताई आल्या. केतकीने मला उघडले होते आणि चिठ्ठी तिच्या हातात होती. शालिनीताई म्हणाल्या, “दिवाळीत फोनवर मला म्हणाली, उबग आलाय.”

“मावशी, उबग म्हणजे कंटाळाच ना?”

शालिनीताईंनी तिच्याकडे नीट पाहिले. खोटे बोलणे त्यांना जमले नाही. “नाही गं. कंटाळा आला की माणूस संध्याकाळची वाट बघतो. उबग आला की संध्याकाळही नको होते.”

केतकीने चिठ्ठीच्या चारही घड्या होत्या तशाच घातल्या, ती चष्म्याखाली ठेवली आणि मला मिटले. सैल खटका लागेना, म्हणून बराच वेळ दोन्ही हातांनी दाबून धरले.

तेव्हापासून मी कपाटात आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे गप्प झाले, तर गोळ्या की बोलणे हे त्यांना न विचारता ठरवू नका. दोन्ही लागत असेल तर दोन्ही द्या. आणि त्यांनी एखादा शब्द उच्चारला, जो तुम्हाला नीट कळला नाही, तर लाजू नका. म्हणजे काय गं आई, एवढेच विचारा. त्या दिवशी तेवढेच विचारायचे राहिले.