कुणी राहिलं का?

“अप्पा, तिथं मायचं सांगू का?” महादेवीने फोनवर विचारलं.

मी तेव्हा सोसायटीच्या दूध केंद्रात बंकटचं दूध फॅटच्या मशीनला लावत होतो. मागे रांग होती. रांग कसली, पाच-सात माणसं. चारा नाही म्हटल्यावर दूध कुठून येणार? पूर्वी शीतकेंद्राची गाडी दोन खेपा करायची, आता एकाच खेपेत अर्धी रिकामी जायची.

“कुनाला सांगायचं?” मी म्हणालो.

“तिथल्या खासदारांना. समिती हाय त्यांची. आमा पोरांचं ऐकून घेनार हाय. सगळ्यांनी मिळून माझं नाव दिलंय.”

महादेवी माझी एकुलती मुलगी. परदेशात शिकते, जमिनीखालच्या पाण्याचं शिक्षण. तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी एक हुकूम निघाला होता. शिक्षण पुरं व्हायच्या आत देश सोडला की तिथे राहण्याचा परवाना रद्द. परत यायचं असेल तर सगळं पहिल्यापासून, आणि परत घेतीलच असं नाही. आता त्या हुकुमाचा कायदा करायचं चाललं होतं. म्हणून निरनिराळ्या देशांतल्या मुलांनी संघटना काढली होती. सुट्टीच्या दिवशी ही मुलं खासदारांच्या दारोदार फिरायची. एका खासदाराच्या दारात महादेवी छत्री धरून उभी असलेला फोटो तिने मला पाठवला होता.

“मायचा व्हिडिओ हाय माझ्याकडं,” ती म्हणाली. “तो दाखवावा म्हनत्यात सगळे. तुमी न्हाई म्हनला तर न्हाई दाखवनार.”

“सांजच्याला सांगतो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

“मन्मथअप्पा, फॅट किती लागली?” बंकटने विचारलं.

मी आकडा सांगितला.

“एवढीच? माझी म्हैस हाय का शेळी बे?”

लोक हसले. मीही हसलो असेन.

नीलम्मा, माझी बायको, फाल्गुनात गेली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात होती. तिथूनच तिने महादेवीला फोनवर शपथ घातली होती की, काही झालं तरी मधेच सोडून येऊ नको. महादेवीने ऐकलं. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून पुरतात, हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देऊन. आमच्याच शेतात नीलम्माला बसवलं. कपाळाला विभूती, गळ्यात हार. बंकटने फोन उंच धरला होता, त्यात महादेवी बघत होती. एकेकाने मूठमूठ माती दिली. मग विधी करणाऱ्या स्वामींनी रीतीप्रमाणे विचारलं, “अजून कुणी राहिलं का?”

कुणी बोललं नाही. मग फोनमधून आवाज आला, “मी राहिले.”

स्वामींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी फावडी सुरू करायला सांगितलं.

हेच तिने तिकडे साठवून ठेवलं होतं, आणि हेच दाखवायचं का म्हणून विचारत होती.

त्या दिवशी दुपारी सोसायटीची सभा होती. विषय चाऱ्याचा होता. चेअरमन विठ्ठलराव माझ्याशेजारी बसले होते. सकाळचा फोन त्यांच्या कानावर गेला होताच. चाऱ्याचं बोलणं संपलं तसे ते उठून उभे राहिले.

“मंडळी, आपल्या गावची पोरगी तिकडं सरकारशी भांडतीय. आपन गप बसायचं का? जनावरांची छावनी बंद करत व्हते तवा आपन काय केलं? ठराव केला. झाली का न्हाई छावनी चालू?”

“ती कलेक्टरनं चालू केली,” मागून कुणीतरी म्हणालं.

“ठराव गेला म्हनून केली. सचिव, लिहून घ्या. सदर विधेयकाचा ही सभा तीव्र निषेध करते.”

“तिथं आपला गोल शिक्का चालंल का पन?” बंकट म्हणाला.

“नोंदनीकृत सोसायटी हाय आपली. न चालायला काय झालं?”

मग म्हातारे तात्याबा बोलले. “मला एक सांगा, त्यांचा मुलुख, त्यांचा कायदा. आपल्या हिरीवर परगावचा टँकर भरू देतो का आपन? मग त्यांनी दार लावलं तर कावून बोंब मारायची?”

“आधी तुमच्या हिरीत पानी दावा तात्याबा, मग टँकरचं बोला,” बंकट म्हणाला.

पुन्हा हसणं झालं. तात्याबांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. बरोबरही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कुणाचंही म्हणणं कसंही वाटत नव्हतं. मी म्हणालो, “ठराव ऱ्हाऊ द्या विठ्ठलराव. पोरगी नीलम्माचा व्हिडिओ दाखवायचा म्हनतीय. बसवलेला. मला ते परक्या लोकांनी बघू नये असं वाटतंय. बस, एवढंच हाय माझं.”

नीलम्माला त्या खड्ड्यात बसलेलं या सगळ्यांनी पाहिलं होतं.

दाराजवळ केशरबाई बसली होती. एका गाईचं दूध घालणारी बाई. नीलम्माची मैत्रीण. सोसायटीची सभासद होती, पण सभेत तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.

“म्या बोलू का?” ती म्हणाली.

“बोल की,” विठ्ठलराव म्हणाले.

“माझं माहेर शिरूर कासारचं. तुमा सगळ्यांला ठाव हाय. माझी माय मेली तवा आमी ऊसतोडीवर व्हतो, कोल्हापूरच्या अंगाला. भावानं कारखान्यावर फोन केल्ता. मुकादम म्हनला, तू गेलीस की नवरा-बायकोचा कोयता मोडतो, टोळीचे खाडे पडतेत. आन् म्हनला, मेलेलं मानूस कुठं पळून जातंय व्हय? हंगाम सपून पट्टा पडल्यावर जा.”

“मग?” तात्याबांनी विचारलं.

“मग काय? उसाचं पाचट काढत बसले. पट्टा पडल्यावर गेलते. तवर समदं उरकलं व्हतं. भावजय म्हनली, आता कावून आलीस?” केशरबाईने पदर तोंडावरून फिरवला. “मला कुनी इचारलं न्हाई की बाई तुला काय वाटलं. नवऱ्यानं सुदिक न्हाई. त्या पोरीला येवढी मोठी मानसं समोर बसून इचारत्यात. बोलू द्या की तिला, अप्पा.”

कुणी हसलं नाही. विठ्ठलराव सचिवाला म्हणाले, “सूचक म्हनून माझं नाव टाका. अनुमोदक केशरबाई.”

तिने अंगठा उठवला. शाईचा अंगठा कुठे पुसावा ते तिला कळेना, म्हणून मी मशीनजवळचं फडकं दिलं.

संध्याकाळी मी महादेवीला फोन केला.

“मायचं सांग,” मी म्हणालो. “पन तोंड दाखवू नको. आवाज ऐकव नुसता.”

“बरं अप्पा,” ती म्हणाली.

“आन् विठ्ठलरावांनी ठराव पाठवलाय. हसू नको.”

“न्हाई हसत. लावते मी कागदांला.”

ज्या दिवशी समिती बसली, त्या दिवशी आम्ही सगळे सोसायटीच्या खोलीत जमलो. आमच्याकडे दिवे लागले होते, तिकडे दुपार होती. बंकटने फोन दुधाच्या कॅनला टेकवून ठेवला. लांब टेबल, त्यामागे खासदार, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास. महादेवी निळ्या कोटात होती. तो कोट मी पूर्वी पाहिला नव्हता.

ती इंग्रजीत बोलली. आम्हाला काही कळलं नाही. मग तिने समोरच्या यंत्रातून आवाज लावला.

आधी वारा ऐकू आला. मग ढेकळं पडल्याचा आवाज. कुणाचं तरी खोकणं. मग स्वामी, अगदी स्पष्ट: “अजून कुणी राहिलं का?” मग काहीच नाही. ते काहीच नसणं तेव्हा शेतात इतकं लांबलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. टेबलामागची एक बाई लिहिता लिहिता थांबली. मग महादेवीचा आवाज, “मी राहिले.” आणि फावडी.

तिने यंत्र बंद केलं आणि इंग्रजीत एकच वाक्य बोलली. मधल्या माणसाने चष्मा काढला, पुन्हा लावला, काहीतरी म्हणाला आणि पुढच्या मुलाला हात केला.

“झालं?” तात्याबा म्हणाले.

“झालं,” बंकट म्हणाला.

केशरबाई उठून बाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही.

कायदा आषाढात मंजूर झाला. तोपर्यंत पाऊस नव्हताच, टँकर चालू होते. सकाळच्या दुधाच्या वेळीच महादेवीचा फोन आला. आवाजावरून ती झोपली नव्हती हे कळत होतं.

“अप्पा, कायदा झाला. आमी हरलो. पन एक कलम घातलं त्यांनी. आमच्यामुळं घातलं, असं बोलले सभागृहात.”

“कसलं कलम?”

“मायबाप वारले तर जाता येईल. परवाना मोडनार न्हाई. परत घ्यावंच लागंल.”

“मग आता येतीस?”

“न्हाई अप्पा. मागचं धरत न्हाईत. कायदा झाल्यावर कुनी वारलं तरच. मायसाठी म्हनून न्हाई येता येनार. शिक्षन संपल्यावर पन, नोकरीसाठी परवाना टिकवायचा तर लवकर हलता येनार न्हाई.”

मी जरा वेळ विचार केला. अवघड काही नव्हतं त्यात.

“म्हंजी मी गेल्यावर येता येईल तुला,” मी म्हणालो.

मी वाईट वाटावं म्हणून म्हणालो नव्हतो. कलमाचा अर्थ तेवढाच होता.

“अप्पा,” ती म्हणाली.

“चांगलं काम केलंस,” मी म्हणालो. “लई लेकरांला उपेगी पडंल. झोप आता.”

फोन ठेवला तेव्हा विठ्ठलराव दारातून आत येत होते. कलमाचं सांगितल्यावर त्यांनी टेबलावर थाप मारली. “बघा! ठराव गेला म्हनून झालं हे.” आणि ते सगळ्या गावाला सांगायला निघून गेले.

रांगेत केशरबाई पुढे होती. तिने किटली माझ्यासमोर ठेवली. तळाला जेमतेम दूध होतं.

“काय म्हनली पोरगी?” तिने विचारलं. “येती का?”

“येईल,” मी म्हणालो, आणि तिचं दूध मापात ओतलं.