उत्तेजनार्थ नको

प्रभादेवीच्या स्नेहवर्धिनी सोसायटीत डिसेंबरचा शेवटचा रविवार गंगाधररावांचा. त्या संध्याकाळी ते गच्चीवर वर्षातल्या नव्या मराठी आल्बमांचा निकाल लावत. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गणेशोत्सवातल्या गायन स्पर्धांना जन्मभर परीक्षक म्हणून बसून ते त्यांच्या अंगात भिनलं होतं. पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ. प्रत्येकाला एक नारळ. गाणाऱ्यांना बिचाऱ्यांना या सन्मानाचा पत्ताही नसे, त्यामुळे नारळ टेबलावरच राहत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बायको सुनेत्राबाई त्या नारळांच्या वड्या करून घरोघरी वाटत. निकालापेक्षा वड्यांची वाट बघणारेच जास्त होते, पण हे गंगाधररावांना सांगणार कोण!

यंदा मात्र पंचाईत झाली. त्यांच्या लेकीचा, मनवाचा, पहिला आल्बम आला. चाली तिच्या, आवाज तिचा.

"पहिला नंबर मनूचा," सुनेत्राबाईंनी बजावलं. "नाहीतर वड्या तुम्हीच थापा."

गंगाधरराव कानाला हेडफोन लावून, दार बंद करून पुन्हा पुन्हा ऐकत बसले. तिसऱ्या गाण्याला त्यांचा ऊर भरून आला. पाचव्याला मात्र त्यांच्यातला परीक्षक खाकरला. बापाने त्याला दटावून पाहिलं, पण तो ऐकेना. कितीही वर-खाली केलं तरी लेकीचा आल्बम येऊन बसे तो चौथ्या जागेवर. आणि चौथा म्हणजे उत्तेजनार्थ.

आदल्या दिवशी मनवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, मला काहीच नाही दिलंस तरी चालेल. फक्त उत्तेजनार्थ नको."

गंगाधररावांची नजर फळीवर गेली. तिखट, हळद, मोहरी, सगळं बक्षिसाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत. गिरगावापासून लालबागपर्यंत लहानपणी ती जिथे जिथे गायली, तिथे तिथे तिला उत्तेजनार्थ मिळालं होतं. त्यातला मोहरीचा डबा खुद्द गंगाधररावांनी दिलेला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरा देऊन टाकावा, कोण विचारतंय? पण तिसरा होता भायखळ्याचा एक रॅप करणारा पोरगा. त्याची-यांची ओळखदेख नव्हती, तरी त्याला खाली ढकलायला यांचा हात धजेना.

रविवारी गच्ची भरली. पहिला नंबर कणकवलीच्या तिघांना, दुसरा नागपूरच्या एका बाईंना, तिसरा भायखळ्याला. सुनेत्राबाईंचा चेहरा दर नंबराला एकेक पायरी उतरत होता. मनवा खाली मान घालून बसली होती.

गंगाधररावांनी घसा साफ केला. "यंदापासून उत्तेजनार्थ बंद. चौथा क्रमांक, मनवा!"

चौथा क्रमांक आजवर कुणी ऐकला नव्हता.

"चौथा?" शेजारच्या दर्शनाकाकू म्हणाल्या. "असा नंबर असतो का हो?"

"तिसऱ्यानंतर दुसरं काय असतं?" गंगाधरराव ओरडले.

मनवा उठली. इतक्या वर्षांत नारळ घ्यायला टेबलापाशी आलेली ती पहिलीच विजेती. तिने हळूच विचारलं, "चौथा का?"

"पाचव्या गाण्यात तू घाबरलीस."

"घाबरलेच होते रे. स्टुडिओची वेळ संपत आली होती." मग तिने नारळ कानाशी हलवून पाहिला आणि लहान मुलीसारखी हसली. "आई, बघ ना! आयुष्यात पहिल्यांदा माझा नंबर आला!"

सुनेत्राबाई भांडायच्या तयारीत होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. गंगाधररावांना पाचवा क्रमांक कुणाचा ते काही केल्या आठवेना.

त्या वर्षी वड्या थोड्या कमी पडल्या. एक नारळ देवघरात होता आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.