बोटीच्या काचेतून न दिसलेला बिरप्पा

मित्रांनो, माघ महिन्यातल्या एका रविवारी आमच्या बोटीनं तळ्यात उभ्या असलेल्या बिरप्पाला धडक दिली आणि त्याचा उजवा खांदा निखळला.

असं काहीही घडलेलं नाही. आमच्या बोटीला आजवर एकही अपघात झालेला नाही. तसं माझ्यावरच लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. तेव्हा ते खरं धरून मी माझी गोष्ट सुरू करते.

मी एका सहलीच्या बोटीची पुढची काच आहे. चालकाच्या तोंडासमोर असते ती. वय चारच वर्षं, पण उन्हात उभं राहून म्हातारपण लवकर येतं. खरं तर मी काचही नाही, जाड प्लास्टिक आहे. लोक काच म्हणतात आणि मी दुरुस्त करत नाही. पुढच्या सगळ्या पापांची सुरुवात बहुधा तिथंच झाली.

कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिरानं मला तापवून वाकवलं. मग माझ्याआड स्वतःचा पंजा धरून बघितला. पंजा दिसला. "जा," म्हणाला. माझं शिक्षण एवढंच. पलीकडचं दिसलं पाहिजे.

सोलापुराहून होटगीकडं जाताना एक तळं लागतं, तिथं धोंडीरामआण्णांनी आमची बोट सोडली. आण्णांचं त्याआधी मंगल कार्यालय होतं. ते बंद झालं, पण आण्णांच्या डोक्यातलं चालूच राहिलं. बोटीच्या छपराला त्यांनी मांडवाची सोनेरी झालर लावली आणि चालकासाठी खुर्ची बसवली ती स्टेजवरची, नवरदेवाची. लाल मखमल, उंच हात, आत कापूसच कापूस. आरामात तिचा हात कुणी धरणार नाही. माणूस बसला की वीतभर खाली जायचा आणि तिथंच सुखानं राहायचा.

चालक होता अभिमन्यू. माढ्याकडचा, धरणाच्या पाण्यावर नाव हाकत वाढलेला. पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसला, बुडाला, आणि त्याला माझ्यातून फक्त आभाळ दिसलं.

"आण्णा, खुर्ची लई भारी हाय. पण म्होरचं दिसत न्हाय."

"आरं, आजपातूर एका बी नवरदेवानं तक्रार केली न्हाय."

"नवरदेवाला कुटं काय हाकायचं असतंय?"

शेवटी आण्णांच्या घरच्या बजाकाकींनी एक चादर आणली. सोलापुरी, जाड, आठ घड्या घातलेली. ती खाली घेतल्यावर अभिमन्यू वर आला आणि माझ्यातून सगळं तळं त्याला दिसू लागलं. पलीकडचा काठ, वळायच्या जागेची वाळकी बाभळ, पाणकोंबड्यासुद्धा.

ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. अभिमन्यू रोज सकाळी जुन्या बनियनचा ओला बोळा करून मला पुसायचा. कोरड्या फडक्यानं कधीच नाही, त्यानं मला चरे पडतात. एकदा पुसून झाल्यावर तो खुर्चीत बसला, समोर बघितलं आणि म्हणाला, "वा! काच नसल्यागत वाटतंय की."

माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. मला ती झोंबली. नसल्यागत? मी? एवढी वाकून, तापून आले ती नसल्यागत दिसायला?

मग दसरा आला. आण्णांनी माझ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. काठावरच्या बायका थांबून बघू लागल्या. मला बरं वाटलं. पाठोपाठ 'आई-वडिलांची पुण्याई' आली, कमानीसारखी. मग बुकिंगचा नंबर. मग 'वाढदिवस साजरे करून मिळतील'. मग आण्णांच्या नातीचं, पायलचं नाव, दोन्ही बाजूंना मोर. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. माझ्यातून बघणारा एकच होता. माझ्याकडं बघणारे शंभर. मी शंभरांच्या बाजूनं झाले.

अभिमन्यूनं काकींकडून दुसरी चादर मागून घेतली आणि अक्षरांच्या वरून बघू लागला. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं झालर आली.

"आण्णा, खाली पुण्याई, वर झालर. मदी वीतभर फट ऱ्हायलीया बगा."

"वीतभर लई झालं. टांग्याच्या घोड्याला झापडं असत्यात. पळतंयच की ते!"

"घोड्याला पवायचं नसतंय, आण्णा."

"मग तुला कुटं पवायचंय? बोट हाय न्हवं खाली!"

आता तो रविवार. मी सांगितलंच आहे की त्या दिवशी काही घडलं नाही. तर ते असं घडलं नाही.

आण्णांचा साठावा वाढदिवस होता. पुतण्यानं फ्लेक्स आणला. त्यावर आण्णा, काळा चष्मा, छातीपर्यंत. तो माझ्यावर बाहेरून दोरीनं आवळून बांधला. वीतभर फटीवर नेमक्या आण्णांच्या मिशा आल्या.

"आण्णा, एवढा तुमचा कान दुमडू का?" अभिमन्यूनं विचारलं. "कानातनं बगतो."

"वाढदिसादिवशी माझा कान दुमडतो व्हय रं? रोजची वाट हाय तुझी. चल."

बोट सुटली. मागं वीस पाहुणे, एक केक, एक ढोलकी. खुर्चीच्या उंच हातांमुळं अभिमन्यूला बाजूनं वाकताही येईना. तो अंदाजानं हाकत राहिला.

माझा खालचा एक कोपरा तेवढा उघडा होता. त्यातून बघायचं तर अभिमन्यूच्या गुडघ्यांना डोळे हवे होते. पण मला दिसत होतं. पलीकडच्या काठाला बिरप्पा मेंढपाळाचा कळप उभा होता. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. छातीभर पाण्यात, आमच्याकडं पाठ करून, बिरप्पा एका एडक्याची शिंगं धरून त्याला चोळत होता. बोट रोज बाभळीपाशी वळते, म्हणून तो निर्धास्त होता. बाभळ अभिमन्यूला दिसलीच नाही.

काठावरून बिरप्पाची बायको सुकन्या दोन्ही हात हलवून ओरडू लागली. ढोलकीत काही ऐकू येईना.

"काय म्हनतीया ती?" अभिमन्यूनं विचारलं.

"टाटा करतीया," आण्णा म्हणाले. "वाढदिस हाय, कळलं आसंल."

वीसच्या वीस पाहुण्यांनी तिला टाटा केला.

मला ओरडता येत नाही, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा देऊन बघितलं आहे. खरं सांगते, मी बिरप्पाकडं नीट बघतच नव्हते. ती बाई माझ्याकडं बघून हात हलवते आहे, याचाच मला आनंद झाला होता.

मेंढरांचा ओरडा जवळ आला तसा अभिमन्यू चपापला. तो खुर्चीवर चढून उभा राहिला, झालर फाडून डोकं बाहेर काढलं, आणि किंचाळला. इंजिन बंद केलं, चाक गरकन फिरवलं. बोट वळली, पण तिची कड बिरप्पाच्या खांद्यावर बसलीच.

एडका वर आला. अंग झाडत काठाकडं निघाला. बिरप्पा वर आला नाही.

सुकन्या तशीच पाण्यात शिरली. अभिमन्यूनं उडी टाकली. ढोलकी थांबली. एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग काहीच नाही. मग अभिमन्यूच्या हाताला धोतराचा सोगा लागला.

काठावर आणल्यावर बिरप्पानं पाणी ओकलं. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. "एडका कुटाय?" त्यानं आधी विचारलं. एडका शेजारीच उभा होता. मग त्यानं अभिमन्यूकडं बघितलं.

"लेकरा, येवडा मोटा मानूस दिसला न्हाय व्हय रं तुला?"

अभिमन्यूनं वळून माझ्याकडं बघितलं. कुणी माझ्याकडं बघतंय याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

खांदा बसवला, पण हात आता कानाच्या वर जात नाही. यंदाची कातरणी सुकन्यानं एकटीनं केली. सुट्टीच्या दिवशी अभिमन्यू जाऊन मेंढरं धरायचा. बिरप्पा त्याला चहा देतो, या तळ्याकडं मात्र येत नाही. अभिमन्यू हल्ली दिवसभर उभ्यानं बोट हाकतो, मान बाजूला बाहेर काढून. संध्याकाळी त्याचे गुडघे सुजतात. "इतकी झ्याक खुर्ची आसून हुबा ऱ्हातोय, येडा हाय," आण्णा म्हणतात.

फ्लेक्स उतरला तेव्हा माझ्यावर तेवढीच वीतभर जागा रिकामी होती. आण्णांनी तिथं लाल अक्षरं लावली: 'या बोटीस आजवर एकही अपघात झालेला नाही.' लोक वाचतात आणि निर्धास्त बसतात.

मित्रांनो, तुमच्या गाडीला, बोटीला, घराला काच असेल तर तिला ओल्या मऊ फडक्यानं पुसा आणि मोकळी सोडा. ती सजवून घ्यायला तयार असते. तिचं ऐकू नका.

माझा एक अर्ज आहे. तो कुणाकडं करायचा हे न कळल्यामुळं इथंच करते.

महोदय, विनंती की नवरदेवाची खुर्ची काढून चालकास बसल्या जागी समोरचं दिसेल असं साधं आसन देण्यात यावं. माझ्यावरील सर्व मजकूर, लाल अक्षरांसह, साबणाच्या पाण्यानं काढण्यात यावा. तसेच माघ महिन्यातील त्या रविवारचा, सकाळी साडेदहा ते अकरा हा अर्धा तास मला एकवार पुन्हा वापरण्यास परवानगी मिळावी. वापर झाल्यावर तो स्वच्छ पुसून परत केला जाईल.