आईला ‘ऊठ’ कोण म्हणणार?

अर्धांगाच्या झटक्याने आईची उजवी बाजू लुळी पाडली. जीभ मात्र देवाने शाबूत ठेवली. ती कशासाठी, हे तिच्या दोन्ही मुलांना रोज कळत होतं.

आज जाऊबाई भेटायला येणार होत्या. “आता काय, पडूनच असेल बिचारी,” असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या, आणि फोन स्पीकरवर होता. त्या आत येतील तेव्हा आपण खुर्चीत बसलेलं असायचं, एवढंच आईने मनाशी धरलं होतं.

थोरल्याने तिच्या काखेत हात घातले, धाकट्याने पाय धरले.

“सोडा!” आई कडाडली. “कपाट हलवताय का रे? खांदा निखळून हातात येईल.”

“तुला त्रास नको म्हणून, आई.”

“डावा पाय अजून शाबूत आहे माझा. तुमच्या डोक्यांचं काय ते बघा.”

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोघांना सगळं करून दाखवलं होतं. प्रवचनात पेंगणारी माणसं डोलवतात तशा दोघांनी माना डोलवल्या होत्या. आता धाकट्याने चाकाची खुर्ची आणली ती नेमकी उजवीकडे.

“वा! लुळ्या बाजूला. हुशारच जन्माला घातलेत मी.”

खुर्ची डावीकडे, पलंगाला तिरपी लागली. ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा, हेही आईनेच सांगितलं. ती कडेला सरकली, पाय जमिनीला टेकले, कमरेला पट्टा बांधून घेतला. थोरला तो पट्टा धरून समोर उभा राहिला, तिच्या लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेका देऊन. आता एकच राहिलं. बाईंनी बजावलं होतं, ‘ऊठ’ असं ठणकावून सांगा, म्हणजे त्यांचा आणि तुमचा जोर एकदम लागेल.

आणि इथेच घोडं अडलं. या घरात आईला कुणी कधी ‘हे कर’ म्हटलंच नव्हतं.

“आई, उठतेस का?” थोरल्याने विचारलं.

“आणि नाही म्हणाले तर?”

“दादा, सांग की नीट!”

“मग तू सांग ना.”

“मी धाकटा आहे.”

“शेळ्या पाळल्या असत्या तर बरं झालं असतं,” आई म्हणाली. “निदान बें तरी केलं असतं.”

बेल वाजली. धाकटा सुटका झाल्यासारखा दाराकडे पळाला. ताटात केस निघावा तसं आईने थोरल्याकडे पाहिलं.

“ऊठ!” तो ओरडला.

ती पुढे झुकली, डाव्या पायावर भार घेतला आणि उठली. पट्टा घट्ट धरून तो तिच्याबरोबर वळला. तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर पोचला आणि ती बसली, अंग न टाकता, ऐटीत.

“अगं बाई! हा तुझ्यावर ओरडतो?” जाऊबाई दारातच थबकल्या.

“हो ना. पन्नाशीला आलाय, आत्ता कुठे कंठ फुटलाय.”

थोरला कानापर्यंत लाल झाला. तरी खाली बसून त्याने पट्ट्या जागेवर आणल्या, लुळा पाय उचलून वर ठेवला.

“डावा तू ठेव,” तो म्हणाला.

जाऊबाईंच्या देखत आईने तो मुकाट्याने ठेवला.