जहाजाच्या कानात

"पितृपक्षात रवीचं पान वाढायचं नाही. तो गेलेला नाही, ड्यूटीवर आहे."

लग्न होऊन मी कर्जतला आले, त्या वर्षी इंदूआत्यांनी मला हे बजावलं होतं. इंदूआत्या म्हणजे माझ्या यजमानांच्या, अंगदरावांच्या आत्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. रवी हे त्यांचे धाकटे भाऊ, नौदलातले लेफ्टनंट रविकांत. मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं. वादळात त्यांचं जहाज बुडू लागलं तेव्हा ते इंजिनखान्यात उतरले, अडकलेल्या खलाशांना एकेक करून वर ढकललं, आणि पाणी लगेच वर चढू नये म्हणून आतूनच लोखंडी झाकण लावून घेतलं. तेवढ्या वेळात बाकीच्यांना होड्या सोडता आल्या. रवीकाकांचा देह मिळाला नाही. देह नाही तर क्रियाही नाही, असं त्यांच्या आईनं धरलं, आणि ते तसंच राहिलं.

काही वर्षांनी नौदलाची नवी विनाशिका, मोठी युद्धनौका, बांधली गेली आणि तिला त्यांचं नाव दिलं. काकांच्या फोटोशेजारी तिचाही फोटो लागला. राखाडी, लांब, नाक वर करून पाण्यात उभी. दुपारी देवाला नैवेद्य दाखवला की दोन्ही फोटोंना एकेक फूल वाहायचं, हा माझा नेम. त्याशिवाय मी जेवत नाही.

या फाल्गुनात घरातली झाकणं घट्ट बसू लागली.

आधी डाळीचा डबा. मग लोणच्याची बरणी. दुपारी मी देवघरात असले की स्वयंपाकघरात बारीक आवाज व्हायचा, पितळेवर पितळ फिरल्यासारखा. जाऊन पाहावं तर उघडं ठेवलेलं सगळं बंद. धुणीभांड्याला येणारी राहीबाई वैतागली.

"वैनी, ह्यो डबा काय मानसानं लावल्याला न्हाई. पाना आना न्हाईतर ऱ्हाऊ द्या डाळ."

"माझ्या आत्याचा हात आहे तो," अंगदराव हसले. "तिनं लावलेलं झाकण उघडायला लहानपणी आम्ही शेजारच्या पैलवानाला बोलवायचो."

आत्या हसल्या नाहीत. त्या फोटोकडे बघत होत्या.

वैशाखात मुंबईहून फोन आला. निकिता नावाची, नौदलातली अधिकारी. बोलायला फार गोड पोरगी. "काकू, आपली 'रविकांत' आता सेवेतून जाते आहे. सूर्यास्ताला झेंडा उतरवून निरोप देतात. घरचं कुणीतरी यावं असं आम्हाला वाटतं. पुढच्या महिन्यात ती तोडायला जाईल."

मी बरं म्हणाले, आणि का कोण जाणे, विचारून गेले, "बाळा, जहाजावर कधी झाकणं आपोआप लागायची का गं?"

तिनं उलट मलाच विचारलं,

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"खालच्या डेकवर एक हॅच आहे, खाली उतरायच्या वाटेवरचं लोखंडी झाकण. पोरं उघडी टाकून जायची, परत येऊन बघावं तर बंद. साहेब राउंडला येऊन गेले, म्हणायचो आम्ही. भीती नाही वाटायची, उलट बरंच वाटायचं." मग ती हळूच म्हणाली, "फाल्गुनात माणसं उतरवली, जहाज रिकामं केलं. तेव्हापासून मात्र ती उघडीच आहे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आत्या कोठीच्या खोलीत अडकल्या. गहू बघायला गेल्या आणि मागं दार लागलं. त्या दाराला बाहेरून कडीच नाही. अंगदराव खांदा लावून दमले. मी फटीला तोंड लावून हाका मारल्या, तर फटीतून वाराही येत नव्हता. दाराचं लाकूड गार होतं, ओलसर. बाहेर उन्हानं अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता.

राहीबाईनं शेजारून पहार आणली. दार सुटलं तेव्हा आत्या गव्हाच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी हलत होती.

"आरडला का न्हाई वो?" राहीबाई रडायलाच लागली.

"हवा पुरवून वापरत होते," आत्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. जहाजाला नाव दिलं, तेव्हा नारळ फोडायचा मान त्यांना मिळाला होता. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तसं त्यांनीही करायचं ठरवलं. नांगराची साखळी जिथून बाहेर येते ते भोक त्यांना कानासारखं दिसलं. खालून हात पोचेना, म्हणून शिडी मागितली. बँड वाजत होता, लोकांना कौतुक वाटलं.

"नाव सांगितलं, आणि वर म्हणाले, रवी, आता इथंच राहा. माणसांना सांभाळ." त्यांनी माझा हात धरला. "तो राहिला गं. इतकी वर्षं राहिला. आता तिथं माणसंच नाहीत, म्हणून माणसं असतील तिथं आलाय. पाणी चढतंय असंच त्याला वाटतंय. तेव्हा तो स्वतः आत होता, सगळे बाहेर होते. आता आत कोण राहिलंय हे त्याला दिसत नाही."

मी कोठीच्या दाराकडे पाहिलं. आत्या पुढं सांगू लागल्या.

"मला आता प्रवास झेपत नाही. तू जा. जिथं मी सांगितलं तिथंच सांग. म्हणावं, रवी, सगळे सुखरूप वर आले. आता तू ये, तुझी सुट्टी झाली. मग इथं त्याचं पान वाढू."

"माझा आवाज देवघराबाहेर जात नाही, आत्या."

"ओरडायचं नाहीच. कानात सांगायचं."

मी शब्द दिला. एकदा ते जहाज तुटलं, की सांगायला कानच उरणार नव्हता.

निरोपाच्या दिवशी पहाटे मी पिशवी भरली. अंगदराव सोबत यायला निघाले होते.

"तुम्ही नका येऊ," मी म्हणाले. "आत्यांना एकटं सोडू नका. आणि त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावरच बसा, दाराला पाठ लावून, म्हणजे ते लागणार नाही."

त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, "नैवेद्य मी दाखवीन. मीठ कमी झालं तर देव चालवून घेईल, तूच आल्यावर बोलशील."

आत्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या पदराचं टोक नीट केलं.

सासऱ्यांच्या जागी असलेल्या माणसाला एकेरी हाक मारायची, हे माझ्या जिभेला जड जात होतं. फाटकापाशी थांबून मी एकदा पुटपुटून पाहिलं. नीट जमलं नाही. मग स्टँडच्या रस्त्यानं चालता चालता मी ते नाव हळू आवाजात घेत राहिले.